भुवया लिहा

आमच्या भाऊजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या बाहेरच्या खोलीत बसून छत्री खात होते.

हे वाक्य त्यांना दाखवलं तर ते 'खात' या शब्दाखाली रेघ मारतील आणि म्हणतील, "छत्रीची मूठ दातांत होती. गिळताना कोणी पाहिलं का?" नव्हतं पाहिलं. पण त्या वेळी मी कॉलेजात होतो आणि मला गिळलेलंही दिसलं असतं.

आमच्या घरात त्या काळी शांतता नावाची वस्तू पाहुण्यांसाठीसुद्धा शिल्लक नसे. वडील वर्तमानपत्राशी भांडत, आई वडिलांशी भांडे, आणि मी मधे पडून दोघांची बोलणी खाई. कोपऱ्यात एक खुर्ची होती. तिचा एक पाय आखूड असल्यामुळे तिच्यावर बसायची घरात कोणाची छाती नव्हती. त्या खुर्चीवर, जराही न डुगडुगता, हा माणूस बसला होता. कधीपासून, ते सांगता येत नाही. मला तर अजून शंका आहे की घर बांधताना आधी त्यांना बसवलं आणि मग भोवती भिंती उभ्या केल्या.

मला वाटलं विजेचं मीटर बघायला आलेत. वडिलांना वाटलं आईच्या माहेरचं कोणीतरी आहे, म्हणून ते मुद्दाम बोलले नाहीत. आईला वाटलं वडिलांच्या ऑफिसातले साहेब आहेत, म्हणून तिने चहा दिला. मग वडिलांनी, सासुरवाडीची बोलणी नकोत म्हणून, दुसरा चहा दिला. मीटरवाल्याला कोण विचारतो, या दयेपोटी तिसरा मी दिला. त्यांनी तिन्ही कप प्यायले, बशीवर नीट पालथे ठेवले आणि आम्हा तिघांकडे असं बघत राहिले की जणू आम्ही काचेपलीकडचे मासे आहोत.

तेवढ्यात ताई बाहेरून आली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही आलात पण? यांच्याशी कोणी बोललं की नाही?"

"बोलले ना," ते म्हणाले, "आपापसांत."

हा माणूस ताईशी लग्न करायचं म्हणतो आणि ताईचीही त्याला ना नाही, हे आम्हाला त्यानंतर कळलं. वडील ताईला आत घेऊन गेले आणि दबक्या आवाजात, म्हणजे फक्त शेजारच्या दोन घरांत ऐकू जाईल असं, विचारू लागले, "अगं, हा करतो काय?"

"वर्गात मागे बसतो."

"एवढा मोठा होऊन अजून?"

तर भाऊजींचा धंदा असा. गावात शिक्षकांना तयार करणारं एक केंद्र होतं, तिथे ते नोकरीला होते. शाळांमधून जायचं, शेवटच्या बाकावर बसायचं, पुढे तास चालू असताना वर्गात जे जे घडेल ते टिपून घ्यायचं, आणि ही विद्या उद्याच्या शिक्षकांना शिकवायची. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. बसून बघायचं आणि लिहायचं, यात काय मोठं? आमच्या गल्लीत निम्मी माणसं दिवसभर तेच करायची, फक्त लिहीत नव्हती.

मग एकदा त्यांचा विसरलेला डबा द्यायला मी केंद्रावर गेलो. वर्गात नवी मुलं-मुली बसली होती. मी मागच्या दाराशी उभा राहिलो. भाऊजी पुढच्या दाराने आत आले, टेबलापर्यंत गेले, त्यांच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या, त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि परत बाहेर गेले. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "काय झालं ते लिहा."

लिहून झाल्यावर पुढच्या बाकावरचा एक उत्साही उठला. "सर घाईत आले, ते रागावलेले होते, त्यांनी किल्ल्या आपटल्या आणि ते निघून गेले."

"रागावलेला मी कुठे दिसलो? बोट ठेवून दाखवा."

"चेहऱ्यावर, सर."

"चेहरा मोठा आहे. त्यात कुठे?"

"भुवया... अशा जवळ आल्या होत्या."

"मग भुवया लिहा. राग माझा आहे, तो मला विचारून लिहा. माझ्या डोळ्यात कचरा गेला होता. आणि किल्ल्या मी आपटल्या?"

"पडल्या, सर."

"पडल्या, की टाकल्या?"

पोरगा विचारात पडला. "खाली होत्या, सर."

"बसा. तुम्ही सुधाराल."

मी डबा टेबलावर ठेवला आणि काढता पाय घेतला. मी डबा 'आनंदाने' दिला की 'नाइलाजाने', याची चौकशी सुरू झाली असती तर माझी धडगत नव्हती.

त्यांची पद्धत मला पुढे ऐकून ऐकून पाठ झाली. बाकावर बसल्यावर आधी वर्गाचा नकाशा काढायचा. दार कुठे, फळा कुठे, ऊन कोणाच्या डोळ्यांवर येतंय, हे सगळं त्यात. मुलांची नावं लिहायची नाहीत, प्रत्येकाला एक अक्षर द्यायचं. पानावर उभी रेघ मारून दोन भाग करायचे. डावीकडचा रुंद भाग दिसलं आणि ऐकू आलं त्याला. उजवीकडची चिंचोळी पट्टी आपल्याला काय वाटलं त्याला. 'मूल लक्ष देत नाही' असं डावीकडे लिहिलं की भाऊजी पान परत करत. 'मूल खिडकीबाहेर बघतंय' एवढंच लिहा. कदाचित ते खिडकीबाहेर बघूनच उत्तम ऐकत असेल. कोणी काही बोललं तर त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या शब्दांत धुऊन इस्त्री करून नाही. समास सोडायचा. आणि मधेच पेन थांबलं, तर थांबलं असंही लिहायचं.

पण खरी गंमत तास संपल्यावर. वर्गात घाईघाईने लिहिलेलं असतं, निम्मे शब्द तोडलेले, हात वर केला की नुसता बाण, हसू आलं की नुसती वाटी. ते सगळं त्याच दिवशी, कोणाशीही चकार शब्द बोलण्याआधी, पुरं लिहून काढायचं, हा त्यांचा नियम. "बोललं की सांडतं," असं ते म्हणत. त्यामुळे ते संध्याकाळी शाळेतून परतले की घरात न येता दारासमोरच्या पायरीवर बसत, बूट पायात, पिशवी मांडीवर, आणि लिहीत. ताईने दार उघडलं तर एक बोट वर करत. काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर असावी तसा तो माणूस घरापर्यंत येई.

समोरच्या काकूंची ठाम समजूत झाली की ताई नवऱ्याला रोज घराबाहेर काढते. त्या त्याला गुपचूप बिस्किटं आणून देत. तो त्यांनाही बोट दाखवे. काकू म्हणत, "बिचाऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही हो," आणि ताईकडे अशा बघत की ताईने दोन वर्षं त्या बाजूची खिडकीच उघडली नाही.

हे बाहेरचं झालं. घरात तर ही विद्या म्हणजे आगीतून फुफाट्यात. विशेषणं त्यांनी नोकरीत इतकी वर्षं वर्ज्य केली होती की घरीही ती जिभेवर यायची बंद झाली. ताई विचारी, "भाजी कशी झालीय?"

"मी दोनदा घेतली."

नवा पोशाख घालून ती समोर उभी राही. "कशी दिसते?"

"निळी."

आई मला बाजूला घेऊन म्हणे, "अरे, या माणसाला काही वाटतं की नाही?" मी म्हणे, वाटत असेल, पण त्यासाठी उजवीकडची पट्टी आहे आणि ती फार चिंचोळी आहे. खरं तर त्यांच्या उजव्या पट्टीत कोणी कधी काही वाचलेलं नव्हतं. केंद्रातली मुलं म्हणत, सर ती पट्टी वाऱ्यासाठी मोकळी ठेवतात.

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट तिची आहे. ताई एका शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. नोकरी तात्पुरती. मोठी सुट्टी लागली की तिची नोकरी सुटायची आणि शाळा उघडली की पुन्हा लागायची, आणि मधले सगळे दिवस ती मुख्याध्यापकांच्या तोंडाकडे बघत काढायची. मुख्याध्यापक भला माणूस, पण त्यांच्याकडे 'बघू' हा एकच शब्द होता आणि तो ते काटकसरीने वापरत. अशी बरीच वर्षं गेल्यावर एकदाची कायमची जागा निघाली. जागा एक, आणि हक्कदार दोघी: ताई, आणि शेजारच्या वर्गातल्या बाई. वयाची अट अशी की ही संधी हुकली तर ताईला पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. आता नाही तर कधीच नाही.

शाळेच्या समितीने ठरवलं की वशिला नको, उगाच कुजबुज नको. केंद्रातून एक निरीक्षक मागवायचा, त्याने दोघींचा एकेक तास बघायचा, आणि त्याच्या नोंदी वाचून समितीने निकाल द्यायचा. निर्णय उत्तमच होता. फक्त केंद्रात निरीक्षक दोन. एक केंद्राच्या मुख्य बाई, त्या जिन्यावरून पडून प्लास्टरमध्ये होत्या. दुसरे आमचे भाऊजी.

भाऊजी स्वतः मुख्याध्यापकांकडे गेले. "मला नेमू नका. त्यांच्यातल्या एकीचा मी नवरा आहे."

"अहो, मग तर दुधात साखर," मुख्याध्यापक म्हणाले. "घरचाच माणूस."

"म्हणूनच नको म्हणतोय."

मुख्याध्यापकांनी समितीला विचारलं. समितीत भाऊजींना ओळखणारी माणसं होती. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "तो? तो बायकोवर मेहेरबानी करेल? त्याने स्वतःच्या लग्नाच्या फोटोमागे 'दोन माणसं उभी आहेत' असं लिहिलंय." हे खरं होतं. फोटो आमच्याकडे आहे. तेव्हा भाऊजींनाच नेमलं.

त्या रविवारी आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि जावयाला आग्रह करकरून वाढलं. वाढता वाढता म्हणाली, "जावईबापू, लिहिताना जरा हात सैल सोडा हं."

"दिसेल ते लिहीन."

"तेच म्हणते मी, चांगलं तेवढं दिसू द्या."

"आई," ताई म्हणाली, "यांना शिकवू नकोस. दिसेल ते लिहू देत. माझ्या वर्गात दिसण्यासारखं आहे."

वडील म्हणाले, "आणि भाजीबद्दल काय म्हणणं आहे, बापू?"

"वाढली गेली," भाऊजी म्हणाले. आईने पळी आपटली. म्हणजे, पळी खाली आली आणि आवाज झाला.

तपासणीच्या दिवशी नवरा-बायको एकाच दारातून बाहेर पडले आणि लगेच अनोळखी झाले. ताई रस्त्याच्या एका कडेने, भाऊजी दुसऱ्या. मुलांनी दोघांना बरोबर पाहिलं तर वर्ग वेगळा वागेल, हा भाऊजींचा हिशोब. फक्त निघताना त्यांनी छत्री बरीच शोधली आणि ती सापडली नाही. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय माहीत?" आणि तिची पिशवी त्या दिवशी भलतीच लांबट दिसत होती. या गोष्टीची नोंद भाऊजींनी घेतली नाही, हे मला आजही नवल वाटतं.

पुढे जे झालं तेव्हा मी तिथे नव्हतो. पण भाऊजींच्याच शिकवणीप्रमाणे मी ताईला, मुख्याध्यापकांना आणि भाऊजींना वेगवेगळं गाठून विचारलं, आणि तिघांचं जुळलं तेवढंच सांगतो.

आधी शेजारच्या बाईंचा तास झाला. रोपाचे भाग. बाई चांगल्या शिकवतात, त्यात वाद नाही. एक खरं रोप मुळासकट आणलं होतं, मुलांनी मुळं मोजली, माती सांडली, सगळं यथासांग. भाऊजींनी पानंच्या पानं भरली.

मग ताईचा तास. पहिलीची बाकं ती केवढी. भाऊजी शेवटच्या बाकावर बसले तेव्हा गुडघे कानांशी आले. मुख्याध्यापक दाराशी खुर्ची टाकून बसले. भाऊजींच्या शेजारी एक मुलगी होती. तिचे पुढचे दात पडले होते, म्हणून वर्गात तिला सगळे बोळकी म्हणत आणि ती ओ देत असे. तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी बघायला आलोय."

"काय?"

"जे दिसेल ते."

"मग बघा," असं म्हणून तिने सरकून जागा दिली.

भाऊजींनी पहिल्या पानावर वरच लिहिलं, 'निरीक्षक हा बाईंचा नवरा आहे. वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवून वाचावं.' मग नकाशा काढला, मुलांना अक्षरं दिली, उभी रेघ मारली. हजेरी झाली, मुलांच्या तक्रारी झाल्या, कोणाचं तरी खोडरबर कोणाच्या तरी नाकात जाता जाता राहिलं. सगळं डावीकडे, जसंच्या तसं.

मग ताईने पिशवीतून एक काळी जुनी छत्री काढली आणि टेबलावर ठेवली.

"काय दिसतंय?"

"छत्री," सगळा वर्ग म्हणाला.

"छत्री हे तुम्हाला आधीच माहीत आहे. मी विचारतेय, दिसतंय काय?"

मग एकेक जण जवळ येऊन बघू लागला. काळं कापड, बाई. नाही, मधे राखाडी झालंय. एक तार वाकडीय. बटण दोऱ्याने बांधलंय. मूठ लाकडाची. मुठीवर खड्डे आहेत, बाई.

"कसले खड्डे?"

एका मुलाने त्यात बोट घालून पाहिलं, मग स्वतःचे दात चाचपून पाहिले. "दातांचे."

"वा. आता मला सांगा, ही छत्री कोणाची असेल? पण जे दिसलंय त्यावरून सांगायचं. उगाच नाही."

"कुत्र्याची," पहिलं उत्तर आलं. आणि पुराव्याच्या दृष्टीने ते खोडून काढणं अवघड होतं. पण एकजण म्हणाली, कुत्रा बटण दोऱ्याने बांधेल का? वर्गाने विचार केला आणि कुत्र्याला सोडून दिलं. मग मालक म्हातारा आहे असं ठरलं, कारण मूठ धरून धरून गुळगुळीत झालीय. मग तो उंच आहे असं ठरलं, कारण खालचं टोक झिजलंय तरी दांडा लांब आहे. मग तो चिडका आहे असं एकजण म्हणाला.

"चिडका कशावरून?"

"चावतो."

"चावणारे सगळे चिडतात?"

"नाही," दुसरा म्हणाला. "मी विचार करताना शर्ट चावतो."

"मग?"

"मग तो विचार करतो. खूप."

तेव्हा खिडकीजवळचा एक गप्प मुलगा, जो एरवी बाहेरच बघत असतो, तो बाहेरच बघत म्हणाला, "त्याला कोणी नाहीये."

"असं का वाटतं तुला?"

"असतं तर तार नीट करून दिली असती कोणीतरी."

मुख्याध्यापक सांगतात, ताईने छत्री हातात घेतली आणि ती वाकडी तार बोटाने सरळ करून पाहिली. ती परत वाकडी झाली. मग म्हणाली, "आहे त्याला कोणीतरी. पण तो छत्री हातातून सोडतच नाही. दुरुस्तीला द्यायची कधी? घरात बसला तरी ती त्याच्या हातात असते. आणि त्याला कितीही विचारा, तो सांगत नाही की ती त्याला का आवडते."

"तुम्ही त्याला ओळखता?"

"थोडं थोडं. रोज थोडं."

तेवढ्यात बोळकी उठून उभी राहिली. तिने शेजारच्या माणसाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या मुठीकडे, मग परत शेजारी.

"बाई, मालक इथे आहे."

"कशावरून?"

"यांच्या तोंडात पेन आहे."

सगळा वर्ग वळला. मुख्याध्यापकही वळले. शेवटच्या बाकावर, गुडघ्यांच्या मधोमध, भाऊजींच्या तोंडात पेनाचं टोपण होतं आणि टोपणावर दातांचे वळ होते. बोळकीने त्यांच्या हातातली वही जरा वर करून पाहिली आणि तिला जे दिसलं ते शिकवल्याप्रमाणे सांगितलं.

"यांनी काही लिहिलेलं नाहीये. छत्री आली तेव्हापासून. हे बाईंकडे बघतायत."

"आणि हसतायत," कोणीतरी म्हणालं.

"हसत नाहीयेत," बोळकी म्हणाली, "दात दिसतायत."

तास तिथेच संपला. मुलं टेबलाशी जाऊन आळीपाळीने मूठ चावून बघू लागली आणि त्यात ताईचा बराच वेळ गेला.

मुख्याध्यापकांनी भाऊजींना आपल्या खोलीत नेलं. दार लावलं, चहा मागवला. "असा तास मी इतक्या वर्षांत पाहिला नाही," ते म्हणाले, आणि लक्षात घ्या, हे 'बघू' म्हणणारे गृहस्थ. "आता बसा आणि आठवतंय ते सगळं लिहून काढा. मी थांबतो."

"आठवतंय ते चालत नाही," भाऊजी म्हणाले.

"का नाही? सगळं ताजं आहे."

"तिथल्या तिथे टिपलेलं तेवढंच धरायचं. आठवणीत माझं मिसळलंय. इतरांच्या तासाला मी हे चालवून घेत नाही. शेजारच्या बाईंच्या तासाचं मी टिपून दिलंय आणि हिचं आठवून देऊ?"

"अहो, मी साक्षीला आहे."

"तुम्ही टिपलंत?"

मुख्याध्यापकांनी टिपलं नव्हतं. त्यांचंही तोंड उघडंच होतं.

"मग निदान उद्या पुन्हा एक तास बघा."

"उद्या पुन्हा बघितला, तर मला ठाऊक असेल की काय बघायचंय. आणि हिला दोन संधी, शेजारच्या बाईंना एक? तेही लिहावं लागेल." मग त्यांनी वही उघडली आणि नोंदींच्या शेवटी एक ओळ घातली, 'येथून पुढे निरीक्षकाने नोंद केली नाही.' त्यांचाच नियम होता: मधेच पेन थांबलं, तर थांबलं असं लिहायचं. आणि अर्धवट नोंदींवर निकाल द्यायचा नाही, हा केंद्राचा नियमसुद्धा त्यांनीच कधीकाळी लिहून दिला होता. स्वतः खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो म्हणतात. हे आमचे गृहस्थ मोजमाप करून, काठावर वही ठेवून, सावकाश उतरले.

त्या संध्याकाळी मी, आई आणि वडील ताईच्या घरीच जाऊन बसलो होतो. भाऊजी आले. समोरच्या काकू सवयीने बिस्किटं घेऊन बाहेर आल्या. पण ते पायरीवर बसले नाहीत. सरळ आत आले, बूट काढले आणि बोलू लागले. सांडण्यासारखं हातात काही नव्हतंच. सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

आईचा संताप अनावर झाला. "पेन हातात होतं, कागद समोर होता, आणि तुम्ही लिहायला विसरलात? बाकी सगळ्या जगाचं लिहिता, खडू पडला तर लिहिता, आणि बायकोच्या वेळेलाच हात मोडला? मुलीच्या पोटावर पाय दिलात हो."

"हो," भाऊजी म्हणाले.

"हो काय? तुम्हाला काही वाटतं का?"

भाऊजींनी तोंड उघडलं आणि बंद केलं. मला वाटतं, ते मनातल्या मनात उजवी पट्टी शोधत होते.

ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली. एवढी भांडी त्या घरात नाहीत. मी मागोमाग गेलो. ती रडत असेल असं मला वाटलं होतं. ती पाठमोरी होती आणि तिचे खांदे हलत होते, आणि त्यावरून काही ठरवायचं नसतं एवढं मी एव्हाना शिकलो होतो. म्हणून पुढे जाऊन पाहिलं. डोळे ओले होते आणि दात दिसत होते.

"ताई, अगं कायमची नोकरी गेली ना."

"गेली." तिने पदराने डोळे पुसले. "जीव तुटतोय माझा, हसू नकोस."

"मी कुठे हसतोय?"

"भाजी विचारली, पोशाख विचारला. इतकी वर्षं विचारतेय मी." ती हळू बोलत होती, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "त्यांच्या पेनाचं टोपण पाहिलंस का तू?"

"नाही."

"पार कामातून गेलंय."

बाहेर आल्यावर तिने सगळ्यांना वाढलं. आई म्हणाली, या माणसाला माझ्याच्याने वाढवणार नाही, म्हणून भाऊजींनाही ताईनेच वाढलं. जेवताना कोणी बोललं नाही. आमच्या घराण्याच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. मधेच ताईने विचारलं, "अहो, तास कसा झाला?"

भाऊजी घास हातात धरून थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. वडिलांनी तर वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मी लिहायला विसरलो," ते म्हणाले.

"बरं," ताई म्हणाली आणि तिने त्यांना भाजी वाढली. त्यांनी ती दोनदा घेतली.

ती छत्री ताईने घरी परत आणलीच नाही. वर्गातच ठेवली. दरवर्षी नवी मुलं यायची, मूठ चावून बघायची आणि मालकाबद्दल नवनवे शोध लावायची. एका वर्षी तो समुद्रावरचा कप्तान ठरला आणि एका वर्षी दंतवैद्य. ताई आठवड्यातून एकदा जेवताना त्यांना ते शोध सांगायची, आणि ते मान डोलावून म्हणायचे, "कशावरून?" दुसरी छत्री त्यांनी घेतली नाही. पावसात ते भिजत येत आणि वही शर्टाच्या आत धरत.

ताई शेवटपर्यंत तात्पुरतीच राहिली. कायमची जागा शेजारच्या वर्गातल्या बाईंना मिळाली. त्यांच्या तासाच्या नोंदी पूर्ण होत्या.